अवधूताचे मुके गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला म्हणजे आमच्या तुये गावात, शापोरेच्या काठी, एक निवांतपणा येतो. सरदाचे भात घरात आलेले असते, वायंगणाची तयारी अजून व्हावयाची असते, आणि पौर्णिमेच्या दत्तजयंतीचे वेध लागलेले असतात. या दिवसांत घरोघरी गुरुचरित्राची पारायणे होतात. त्यांच्या जोडीने या अंकात श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील यदु आणि अवधूत यांच्या संवादाचे चिंतन वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे. हा संवाद भगवान श्रीकृष्णांनी उद्धवास सांगितला. त्यातील अवधूत म्हणजे साक्षात श्रीदत्तात्रेय, अशी परंपरेची श्रद्धा आहे. श्रीएकनाथ महाराजांनी याच स्कंधावर काशीक्षेत्री १५७३ साली आपली टीका पूर्ण केली. त्यामुळे मराठी भाविकाला हा प्रसंग परका नाही.

कथा थोडक्यात अशी. यदुराजास रानात एक अवधूत भेटला. अंगावर धड वस्त्र नाही, घरदार नाही, परंतु मुखावर परम समाधान. राजाने विचारले, हे समाधान तुला कोणापासून लाभले? अवधूताने चोवीस गुरूंची नावे सांगितली. त्यांत पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य आणि समुद्र ही महद्भूते आहेत. पिंगला, कुमारी, बालक, बाण करणारा कारागीर आणि मध काढणारा अशी माणसेही आहेत. परंतु चोवीसांपैकी अकरा गुरू पशुपक्षी, जलचर आणि कीटक यांतले आहेत. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, सर्प, कोळी आणि कुंभारीण माशी, हे ते अकरा होत.

या यादीकडे आपण फार लवकर डोळे मिटून पाहतो, असे आम्हांस वाटते. आपण उपदेश उचलतो आणि गुरूला सोडून देतो. पतंगाकडून रूपाच्या मोहाचा धडा घेतला, आता पतंगाशी आपले काय काम? वस्तुतः अवधूताजवळ पोथी नव्हती, आश्रम नव्हता, पाठ देणारा आचार्य नव्हता. त्याने जे मिळविले ते पाहून मिळविले. कोळी आपल्याच देहातून सूत काढतो, त्यावर विहार करतो आणि शेवटी ते गिळून टाकतो, हे ज्याने घटकाभर बसून निरखिले नाही, त्याला जगाची उत्पत्ती आणि लय यांचा तो दृष्टान्त सुचणे शक्य नव्हते. अवधूताचे अध्यात्म हे मोकळ्या रानात डोळे उघडे ठेवून केलेले अध्यात्म होते, आणि ते रान भरलेले होते.

सांप्रत त्या रानाची स्थिती काय आहे? जागतिक वन्यजीव निधी आणि लंडनची प्राणिशास्त्र संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात १९७० ते २०२० या पन्नास वर्षांचा हिशेब मांडला आहे. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या ५,४९५ जाती आणि त्यांच्या सुमारे ३५,००० समूहांची गणना त्यात विचारात घेतली आहे. या समूहांच्या संख्येत सरासरीने शेकडा ७३ इतकी घट झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. जमिनीवरील प्राण्यांच्या बाबतीत ही घट शेकडा ६९, समुद्रातील प्राण्यांत ५६, आणि नद्या, तळी व पाणथळी यांत राहणाऱ्यांच्या बाबतीत ८५ आहे.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण सत्याच्या कैवारासाठी असत्य बोलणे हेही पापच. जगातील शंभर प्राण्यांपैकी त्र्याहत्तर मेले, असे अहवाल म्हणत नाही. एका तळ्यातील शंभर बेडकांचे पन्नास झाले आणि दुसऱ्या तळ्यातील दहांचा एकच उरला, तर एकूण बेडूक निम्म्याहून थोडे अधिक घटले. परंतु दोन्ही तळ्यांना सारखेच महत्त्व देऊन घटीची सरासरी काढली, तर ती पुष्कळच मोठी दिसेल. अहवालाची रीत या दुसऱ्या जातीची आहे. शिवाय सगळेच समूह घटलेले नाहीत. काही स्थिर आहेत, काही वाढलेही आहेत. इतके सर्व वजा घातले तरी जे उरते ते लहान नाही. आणि अहवालाने कारणांत पहिले स्थान दिले आहे ते प्राण्यांची राहण्याची जागा नष्ट होण्याला, तेही मुख्यतः आपल्या अन्नाच्या निमित्ताने.

आता मूळ विषयाकडे येऊ. अवधूताने चार गुरूंकडून इंद्रियनिग्रहाचे चार पाठ घेतले. पतंग डोळ्यांच्या ओढीने ज्योतीवर झेप घेतो. मासा जिभेच्या लोभाने गळ गिळतो. हरिण कानाच्या मोहाने पारध्याच्या गाण्यामागे जाते. हत्ती स्पर्शाच्या लालसेने खड्ड्यात पडतो. प्रत्येकजण आपापल्या एकेका इंद्रियाने मरतो. मग पाचही इंद्रिये मोकाट असलेल्या मनुष्याची गत काय, असा त्याचा प्रश्न आहे. हा पाठ शतकानुशतके कीर्तनांतून सांगितला गेला आणि तो खराच आहे. परंतु आज अवधूत पुन्हा या भूमीवर उतरला आणि त्याने तेच गुरू शोधले, तर त्यास दृश्य उलटे झालेले दिसेल. पतंग आता आपल्या डोळ्यांनी मरत नाही, तो आमच्या डोळ्यांच्या हौसेने मरतो. मासा आमच्या जिभेने मरतो, हरिण आमच्या कानांच्या करमणुकीने रान सोडते. इंद्रिये मनुष्याची, मरण मुक्या जीवाचे. जो धडा आमच्यासाठी होता तो आम्ही शिकलो नाही, आणि त्याची शिक्षा मात्र गुरूला झाली.

पहिला गुरू कपोत. रानात कपोत आणि कपोती घरटे करून सुखाने राहत होती. पारध्याने जाळे टाकले, पिले अडकली, त्यांच्यामागे आई गेली आणि शोकाने वेडा झालेला कपोत स्वतःच जाळ्यात उतरला. अवधूताने हे एका कुटुंबाचे पाहिले. अमेरिका खंडात एका संपूर्ण जातीचे असेच झाले. तिकडे प्रवासी कबूतर नावाचा पक्षी होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे थवे आकाशातून जाऊ लागले म्हणजे सूर्य झाकला जाई. त्यांची संख्या अब्जांनी मोजावी लागे. पारधी जिवंत कबूतर आमिष म्हणून बांधीत आणि त्याच्या ओढीने उतरलेल्या थव्यावर जाळे टाकीत. तारायंत्राने थव्याची बातमी गावोगाव पोहोचे, आणि मेलेले पक्षी पिंपांत भरून आगगाडीने शहरांकडे रवाना होत. जंगलेही तुटत गेली. त्या अब्जावधींतील अखेरची कबुतरी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात मेली. एवढी विपुल गोष्ट संपणार कशी, असे त्या काळच्या शहाण्या माणसांनाही वाटत असे. विपुलतेवर भरवसा ठेवणे हाच कपोताच्या संसारातला प्रमाद होता.

पतंगाची कथा सांगण्यास आम्हांस सिनसिनाटीपर्यंत जावे लागत नाही. आमच्या गावाजवळून वाहणारी शापोरा जेथे सागराला मिळते, तेथे मोरजीची पुळण आहे. मार्गशीर्षाच्या सुमारास त्या पुळणीवर रात्रीच्या काळोखात कासवी येऊ लागते. ही समुद्रातील कासवाची ऑलिव्ह रिडले म्हणून ओळखली जाणारी जात. पाण्याबाहेर जड झालेले शरीर ओढीत ती वाळूत वर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे हातभर खोल खळगा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून जागा बुजवते, आणि मागे न पाहता समुद्रात परत जाते. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस ती अंडी सूर्याच्या उबेवर पोसली जातात. त्यांतून नर निघावयाचे की माद्या हेही वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक होतात. आई नाही, बाप नाही, दाई नाही.

आपल्या संतांनी कासवीच्या दृष्टीचा दृष्टान्त गुरुकृपेसाठी वारंवार योजिला आहे. कासवी दूर राहून केवळ दृष्टीने पिलांना पोसते, तद्वत् सद्गुरू शिष्याला सांभाळतो. निसर्गात पाहिले तर समुद्राच्या कासवीची आणि तिच्या पिलांची भेटही होत नाही. मग मोरजीच्या पिलांवर दृष्टी ठेवतो कोण? गेल्या शतकाच्या अखेरीपासून वनखात्याने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तेंबवाड्याच्या पुळणीवर पहारा सुरू केला. पूर्वी ही अंडी उकरून विकली जात, खाल्ली जात. पुढे त्याच गावांतील माणसे रात्रभर जागून त्यांची राखण करू लागली. घरट्यांभोवती कुंपण घातले जाते, पिले निघाली की ती समुद्राकडे सोडली जातात. कोकणात वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ सालापासून असेच काम केले, आणि तेथे आता पिले समुद्रात जाताना पाहण्यास लोक दुरून येतात. या राखणीचे फळ दिसू लागले आहे. अलीकडच्या वर्षांत गोव्याच्या किनाऱ्यावरील घरट्यांची संख्या वाढली आहे. संतांचा दृष्टान्त खोटा नव्हता. ती दृष्टी मनुष्याला उसनी दिलेली आहे, एवढाच आम्ही त्याचा अर्थ करतो. समुद्रमंथनात मंदराचल पाठीवर तोलणारे जे कूर्मरूप, ते पेडण्यातल्या आपल्या माणसांना दशावताराच्या रात्री जागविताना आठवते. मोरजीच्या काळोखात तेच रूप चार पायांनी वर येते, तेव्हा ओळख विसरून कसे चालेल?

परंतु आता पतंगाची गोष्ट ऐका. वाळूतून बाहेर पडलेल्या पिलाला दिशा कळते ती उजेडावरून. हजारो वर्षे रात्रीच्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असे ते क्षितिजावरचे पाणीच. म्हणून उजेडाकडे जाणे म्हणजे घरी जाणे, एवढेच ज्ञान त्याला जन्मतः मिळालेले आहे. आज त्याच्या पाठीमागे भोजनगृहांचे दिवे आहेत, झगमगत्या माळा आहेत, रस्त्यावरचे खांब आहेत. पिलू समुद्राकडे पाठ करून दिव्याकडे धावते आणि तेथे कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या किंवा चाकांच्या वाट्याला जाते, नाही तर सूर्योदयाबरोबर सुकून मरते. अवधूताने पाहिलेल्या पतंगात आणि या पिलात एक मोठे अंतर आहे. पतंगाला रूपाचा मोह होता. या पिलाला मोह नाही. ते आपल्या धर्माप्रमाणेच वागत आहे. ज्योत खोट्या जागी ठेवणारा कोणी दुसराच आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला वाघाच्या पंक्तीस बसविले आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे गोव्याचे चार किनारे कासवांची प्रसूतिस्थाने म्हणून नावानिशी सांगितले आणि तेथील प्रजननक्षेत्रात विकासकामांना मनाई केली. परंतु रात्रीचा दिवा विझविण्यास शिपाई किती ठिकाणी पुरा पडणार? दिवा लावणारा हात आपल्याच गोतावळ्यातला असतो. पेडण्याच्या किनारपट्टीवर पर्यटन आले आणि त्याने पुष्कळ घरांची चूल पेटविली, मुलांची शिक्षणे केली, कर्जे फिटली. त्या कमाईतला वाटा देवाकडेही आला. आमच्या देवळाच्या देणगीपुस्तकात किनाऱ्यावर खोल्या, भोजनगृहे चालविणाऱ्या भाविकांची नावे आहेत आणि त्यांची श्रद्धा खरी आहे, याविषयी आमच्या मनात संशय नाही. म्हणूनच हा प्रश्न परक्याचा दोष दाखवून सुटणारा नाही. गाभाऱ्यात कूर्मावताराची स्तुती ऐकणारा आणि रात्री पुळणीवर दिव्यांची माळ लावणारा, हे दोघे एकच मनुष्य असू शकतात. त्या मनुष्याशी बोलावयाचे आहे.

मीन गुरूचेही आता पतंगासारखेच झाले आहे. पूर्वी गळाला आमिष असे. आता काही यांत्रिक होड्या समुद्रात प्रखर एल.ई.डी. दिवे सोडतात, उजेडाभोवती लहानमोठे सर्व मासे गोळा होतात आणि जाळ्यात एकदमच उचलले जातात, त्यांत पुढच्या वर्षीचे बियाणेही जाते. केंद्र सरकारने २०१७ सालीच ही पद्धत निषिद्ध केली, आणि तरीही तिच्याविरुद्ध आमच्या रापणकारांना पुन्हापुन्हा आवाज उठवावा लागला. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न उतरण्याची आपली जुनी चाल होती. आज शासनाने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठेविली आहे. पूर्वजांनी जे देवाच्या नावाने पाळले, ते आज दंडाच्या भयाने पाळावे लागते. नदीचे दुःख तर वेगळेच. शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या तळाची वाळू चोरून उपसली जाते. तळ खरवडला म्हणजे माशाने अंडी कोठे घालावीत?

जिभेचा विषय निघालाच आहे, तर शेतातील एका मुक्या जीवाविषयी थोडे विस्ताराने बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. अवधूताच्या यादीत बेडूक नाही. पण त्याला त्याहून जुना मान आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठांच्या नावावर एक संबंध सूक्त मंडूकांचे आहे. वर्षभर मौनव्रत पाळून बसलेले ब्राह्मण जसे व्रत सुटताच वेदघोष करू लागतात, तसे हे मंडूक पावसाच्या पहिल्या सरीबरोबर बोलू लागतात, अशी ऋषींनी तेथे तुलना केली आहे. थट्टा म्हणून ती केली असे मानणारे आहेत; आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्या हाकेबरोबर पाऊस येतो, त्या जीवाविषयीचा तो आदर आहे. आता आमच्याकडे काय होते ते पाहा. मृगाचा पाऊस पडतो, खाचरे भरतात, आणि वर्षभर मातीखाली दडलेला मोठा बेडूक, ज्याला आपण बेबो म्हणतो, बाहेर येतो. नराचा रंग पिवळाधमक झालेला असतो, गळ्याचे फुगे निळे दिसतात. तो साऱ्या वर्षाचे एकच कार्य करावयास आलेला असतो, जोडीदारीण बोलावून वंश वाढविण्याचे. नेमक्या त्याच रात्री विजेरी आणि पोते घेऊन आपली तरुण मंडळी बांधावर उतरतात. डोळ्यांवर उजेड पडला की तो बिचारा जागीच बसून राहतो. उचलावा, पोत्यात टाकावा. हॉटेलांत त्याच्या तंगड्यांना 'जंपिंग चिकन' असे लाडके नाव आहे. जीव मारून वर विनोद करावा, ही रसनेची परिसीमा झाली.

भारतातून एके काळी बेडकांच्या तंगड्यांची परदेशी मोठी निर्यात होत असे. १९८७ साली सरकारने ती बंद केली. गोव्यात बेडूक पकडणे, मारणे, विकणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि दर पावसाळ्यात वनखाते गस्त घालते, आवाहन करते. एक बेडूक रात्री किती किडे खातो याचा हिशेब शेतकऱ्याने एकदा आपल्या खाचराच्या बांधावर बसून करावा. भाताला फवारावयाच्या औषधाची किंमत शेजारी मांडावी. वेदऋषीला जे पर्जन्याचे भाट वाटले, त्यांना आपण पहिल्याच पावसात पोत्यात भरतो, आणि मग चातुर्मासाचा नेम धरून कांदा-लसूण सोडतो! असो.

हरिण आणि कान यांविषयी लांबण लावीत नाही. डोंगराच्या कडेला रात्री चालणारे कर्णकर्कश संगीत ज्यांनी ऐकले आहे, त्यांना रानातल्या श्वापदाची रात्र कशी जात असेल हे सांगावयास नको. देवळांच्या ध्वनिक्षेपकांनाही हा नियम लागू आहे, एवढे मात्र निर्भीडपणे नोंदवून ठेवतो.

हत्तीची गोष्ट निराळी, कारण तो आमच्या दारी चालत आला. २००२ च्या सुमारास कर्नाटकाच्या बाजूने रानहत्ती सिंधुदुर्गात, तिळारीच्या खोऱ्यात उतरले आणि पुढे अधूनमधून गोव्याच्या सीमेपर्यंत येत राहिले. २०२५ च्या सप्टेंबरात, चतुर्थीचे विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले असता, ओंकार या नावाने ओळखला जाणारा तरुण हत्ती पेडणे तालुक्यात शिरला. मोपा, तांबोसे परिसरात त्याने उभी भातशेती तुडविली, बागायतीची नासाडी केली. काहीजणांनी त्याला हात जोडले, काहीजणांनी शिव्या दिल्या. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या असतील तर नवल नाही. ज्याचे भात गेले त्याला गजाननाचे माहात्म्य सांगणे सोपे असते, कारण सांगणाऱ्याचे काही गेलेले नसते. अहिंसेचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून बाकीच्यांनी पुण्य जोडावे, हा धर्म नव्हे. भरपाई वेळेवर आणि पुरती मिळावी, राखणीस माणसे मिळावीत, ही मागणी भक्तीच्या आड येत नाही. ती भक्तीचीच पहिली पायरी आहे. हत्ती भुकेला आणि वाट हुकलेला असतो. ज्या पठारांवरून आणि खोऱ्यांतून त्याच्या पूर्वजांची ये-जा होती, तेथे धरणे, बागा, रस्ते झाले. मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली होती, २०२० च्या जानेवारीत ती स्थगिती उठली, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने सुटू लागली. विमानतळ नको होता असे म्हणणारे आणि हवा होता असे म्हणणारे, दोघेही आमच्या मंडळात आहेत. सडा मात्र पहिल्यासारखा उरलेला नाही, याविषयी दुमत नाही.

शेतकऱ्याचा राग अनावर झाला आणि त्याची समजूत घालणारे कोणी नसले, म्हणजे काय होते हे सत्तरीत दिसले. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे मृत सापडले. त्यांना विष घालण्यात आले होते. गुरे मारली गेल्याच्या रागातून हे घडले, असा आरोप झाला. ज्या गोव्यात वाघ्रो म्हणून वाघाला देवत्व देऊन नैवेद्य दाखविणारी माणसे आजही आहेत, तेथेच हे घडावे! २०२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तेथे व्याघ्रक्षेत्र घोषित करण्याचा आदेश दिला आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयांचे काम न्यायालये करतील. गुरे गेलेल्या कुटुंबाच्या ओसरीवर त्या आठवड्यात जाऊन कोणी बसले असते, मदतीचे दोन पैसे गोळा करून दिले असते, तर त्या ओसरीवर विषाचा विचार टिकला असता का, हा प्रश्न न्यायालयापुढचा नाही. तो देवस्थानांपुढचा आहे.

आता कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा घेऊन तो उडाला, बलवान पक्षी त्याच्या मागे लागले, त्याने तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. संग्रह सोडावा, हा अवधूताचा पाठ. परंतु ज्या मांसात विष आहे हे कळतच नाही, ते टाकावे कसे? १९९० नंतरच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात शेकडा ९९ हून अधिक घटली. एखाद्या जातीचा इतक्या वेगाने ऱ्हास झाल्याची उदाहरणे जगात थोडी. कारण शोधता शोधता २००४ साली उलगडा झाला. आजारी गुराला वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफिनॅक नावाचे औषध टोचले जाई. ते गुरू मेले आणि गिधाडाने खाल्ले, म्हणजे गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होऊन ते थोड्याच दिवसांत मरे. गाईवर केलेली दया गिधाडाला मृत्यू ठरली. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, आणि २०२३ साली त्याच जातीच्या आणखी दोन औषधांवर. गिधाडे मात्र इतक्या लवकर परत येत नाहीत, कारण त्यांची जोडी वर्षाकाठी एकच अंडे घालते. सीतामाईसाठी पंख तोडून घेणाऱ्या जटायूला श्रीरामचंद्रांनी मांडीवर घेऊन स्वहस्ते अग्निसंस्कार दिला. पुत्राने पित्याचे करावे ते एका पक्ष्याचे केले. त्याच जटायूचे गोत्र एका सुईने संपत आले आणि आपणांस त्याची वार्ताही नव्हती.

काही भाविक म्हणतील, हे कलियुग आहे, ऱ्हास होणारच. शास्त्रातच सांगितले आहे. या उत्तरात आम्हांस भक्ती दिसत नाही, आळस दिसतो. युगधर्माची सबब सांगून आपण संध्या सोडत नाही, मुलीचे लग्न लांबवीत नाही, शेताचा बांध फुटला तर तो घालावयाचे थांबत नाही. मग कासवाच्या बाबतीतच कलियुग आडवे का यावे? दुसरे कोणी म्हणतील, माकडे, रानडुकरे, मोर तर वाढले आहेत, शेत राखणे कठीण झाले आहे. तेही खरे आहे. जे आमच्या उष्ट्यावर आणि पिकावर जगू शकतात ते आमच्या जवळ आले. ज्यांना स्वतःचेच रान लागते, त्यांची संख्या घटते. दोन्ही एकाच रोगाची लक्षणे आहेत.

आमच्या मंडळाने या दत्तजयंतीपुरते काही ठरविले आहे, ते येथे कळवितो. पालखीच्या वेळी दारूकाम होणार नाही. त्यासाठी ठेवलेली रक्कम हत्तीच्या उपद्रवाने पीक गमावलेल्या तालुक्यातील शेतकऱ्यांना देण्यात येईल. देवळामागच्या राईत या वर्षी रोषणाई नाही, समया आणि कंदील यांवर उत्सव व्हावा. पुढील मृगात पहिल्या पावसाच्या चार रात्री शेताच्या बांधांवर तरुणांच्या दोन तुकड्या वनखात्याच्या माणसांसमवेत फिरतील. नावे पुजाऱ्यांकडे द्यावीत. कीर्तनकारांना यंदा यदु आणि अवधूत यांचेच आख्यान लावण्याची विनंती केली आहे.

एका प्रश्नावर मात्र मंडळात एकमत झालेले नाही. कासवांच्या किनाऱ्यावर निषिद्ध काळात दिवे पेटते ठेवणाऱ्या व्यवसायाची देणगी देवळाने घ्यावी की नाही? घेऊ नये असे म्हणणारे म्हणतात, देव द्रव्याने मोठा होत नाही. घ्यावी असे म्हणणारे म्हणतात, देणगी नाकारली की माणूसही दुरावतो, आणि मग त्याच्याशी बोलणार कोण? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. या विषयावर सभासदांची सभा दत्तजयंतीनंतरच्या पहिल्या रविवारी सायंकाळी पाच वाजता सभामंडपात भरेल. किनाऱ्यावर ज्यांचे व्यवसाय आहेत त्या सभासदांनी अगत्याने यावे. त्यांच्याविषयीचे बोलणे त्यांच्यामागे होऊ नये, अशी आमची इच्छा आहे.